घर जळालं, नंबर वाचला

मी घर नंबर एकवीस बोलतोय. दचकू नका, अख्खं घर बोलत नाही. घर कधीच जळून गेलं. मी त्याच्या दारावरचा पत्र्याचा नंबर. वीतभर लांब, चार बोटं रुंद. खरं सांगायचं तर आता माझ्यावर नंबरही दिसत नाही. पण सरपंचकी गेली तरी माणूस जसा चारचौघांत स्वतःला सरपंचच म्हणवून घेतो, तसं माझं झालंय. सवय जात नाही.

माझा जन्म काही थोर कुळातला नाही. वऱ्हाडातल्या मालेगावात शिखरचंद शेठचं किराणा दुकान आहे. तिथं मी वनस्पती तुपाचा डबा होतो. तूप संपल्यावर शेठच्या कंचनबाईंनी माझ्यात पीठ भरलं. पिठात मुंग्या व्हायला लागल्या तेव्हा माझ्यात शेण कालवलं. शेवटी मी बुडाला गळायला लागलो आणि दुकानामागे उकिरड्याच्या कडेला जाऊन पडलो. तिथून एका पेंटरनं मला उचललं, कात्रीनं माझ्या पट्ट्या कापल्या आणि एका पट्टीवर निळा रंग देऊन वर पांढऱ्या अक्षरांत लिहिलं, 'घर नं. २१'. पाठीमागून अजून माझ्यावर नारळाचं अर्धं झाड आणि 'शुद्ध' एवढंच दिसत होतं. पण पाठ कोण पाहतो? समोरून मी सरकारी होतो.

ही चौऱ्याहत्तर सालची गोष्ट. मालेगावहून जऊळका स्टेशनाकडे जाताना डोंगराच्या पायथ्याला सोमला नाईकाचा तांडा आहे. बंजाऱ्यांची सव्वीस घरं. ग्रामपंचायत दीड कोसावरच्या गावात. त्या साली पंचायतीनं ठरवलं की तांड्यालाही घरटॅक्स लावायचा, आणि टॅक्स लावायचा तर घराला नंबर पाहिजे. आम्ही सव्वीस भावंडं एका पिशवीत बसून सेक्रेटरीच्या सायकलला लटकत तांड्यावर आलो.

मी ज्या दारावर बसलो ते घर सेवादासचं. सेवादास वारून दोन वर्षं झाली होती. मागे त्याची बायको धुरपताबाई, मुलगा लखमा आणि सून रुपाबाई. घर म्हणजे तुराट्यांचे कुड, त्याला शेणामातीचा गिलावा, वर गवताचं छप्पर. दार मात्र सागाचं होतं. सेक्रेटरीनं मला दाराच्या चौकटीवर ठेवून दोन खिळे ठोकले. मग धुरपताबाईकडे वळून त्यानं जे वाक्य उच्चारलं, त्या वाक्यानं पुढे सगळा घोळ केला.

"बाई, हा नंबर जीव लावून सांभाळायचा. नंबर गेला, तर घर गेलं समजा. वर दंड होईल तो वेगळा."

सेक्रेटरी हे वाक्य सव्वीस दारांवर बोलला. पंचवीस दारांनी ते या कानानं ऐकून त्या कानानं सोडून दिलं. धुरपताबाईनं ते पदराला बांधलं.

त्या दिवसापासून माझे काय लाड झाले म्हणून सांगू! म्हातारी सकाळी अंगणात सडा घातला की पहिल्यांदा मला पदरानं पुसायची. चिमणी माझ्यावर बसली की हाड् म्हणायची. दिवाळीला तिनं मला हळदकुंकू वाहिलं. रुपाबाई हसली, तर म्हणाली, "हासतं काय? ह्याच्यावरच आपलं घर उभं हाय."

घरात ते लोक आपसात गोरमाटी, म्हणजे बंजारा बोली, बोलतात. 'याडी' म्हणजे आई, एवढा शब्द सोडला तर मला ती येत नाही. माझ्यावर मराठी लिहिलेली, म्हणून मला तेवढीच कळते. तेव्हा त्यांचं बोलणं मी जमेल तसं वऱ्हाडीत सांगतोय, चुकलंमाकलं माफ करा.

तर, घर माझ्यावर उभं आहे हे म्हातारी म्हणाली, आणि मी मूर्खानं ते खरं मानलं. वाऱ्यानं छप्पर करकरलं की मी खिळ्यांवर जोर देऊन उभा राहायचो. जणू मी हललो तर घर खाली बसेल! दारातून कुणी वाकून आत गेलं की मला वाटायचं, मला नमस्कार केला. दार ठेंगणं होतं हे माझ्या लक्षातच आलं नाही. आणि गंमत अशी की मी चौकटीवर बाहेर तोंड करून ठोकलेला. आत काय आहे ते मी तीन वर्षांत एकदाही पाहिलं नाही. आतून भाकरीचा वास यायचा, जात्याची घरघर यायची, भांडण झालं तर तेही ऐकू यायचं. मी मात्र रस्ता बघत बसायचो, सरकारी काम असल्यासारखा.

दिवाळी झाली की लखमा आणि रुपाबाई ऊसतोडीला दूर जायचे. तांडा अर्धा ओस पडायचा. म्हातारी आणि तिच्या चार शेळ्या मागे राहायच्या. होळीच्या आसपास सगळे परत आले की तांड्यात गाणी, नाच, आरडाओरडा. सत्त्याहत्तर सालीही तसंच झालं. लखमा-रुपा परत आली. बरोबर ज्वारीचं एक पोतं आणि रुपाबाईच्या हातावर कोयत्याचे दोन नवे व्रण.

चैत्र लागला होता. मालेगावच्या बाजाराचा दिवस, तांड्यातली धडधाकट माणसं बाजाराला गेलेली. डोंगरावर सागाच्या पानांचा घोट्यापर्यंत पाचोळा, गवत वाळून काडी झालेलं. मोहफुलं वेचायला सोपी जावीत म्हणून झाडाखालचा पाचोळा पेटवून देतात, तसा कुणीतरी पेटवला. कुणी, ते तांड्यात सगळ्यांना ठाऊक आहे आणि कुणी बोलत नाही. मीही बोलणार नाही. दुपारी वारा सुटला आणि तो वणवा डोंगर उतरून खाली आला.

मी रस्त्याकडे तोंड करून होतो, म्हणून मला आधी आग दिसलीच नाही. शेळ्या ओरडायला लागल्या, मग धूर माझ्या डोक्यावरून पुढे आला. धुरपताबाईनं शेळ्या सोडल्या. त्यांना नाल्याकडे हाकललं. मग ती घराकडे धावत आली. आत ज्वारीचं पोतं होतं. भांडी होती. तिच्या लग्नातली आरसे लावलेली चोळी, काचोळी, होती, जिच्यावरचे टाके तिच्या आईनं घातलेले. ती दारात आली, वाकली, आणि तिची नजर माझ्यावर पडली.

म्हातारी थांबली. छपराच्या मागल्या कडेला ज्वाळा लागली होती. तिनं कमरेचा विळा काढला आणि मला उचकटायला लागली.

आज मला लाज वाटते, पण त्या क्षणी मला काय वाटलं ते सांगतो. मला वाटलं, वा! सगळं सोडून ही मला वाचवतेय! मी फुगून गेलो. एक खिळा पटकन निघाला. दुसरा सेक्रेटरीनं इतका खोल मारला होता की निघेना. ती विळ्याचं टोक घालते, जोर लावते, खोकते, परत घालते. तेवढ्या वेळात तिनं पोतं दोनदा बाहेर ओढलं असतं. खिळा निघाला तेव्हा आतलं छप्पर खाली बसलं. ती मला छातीशी धरून नाल्याच्या कोरड्या पात्रात जाऊन उभी राहिली. तिच्या डाव्या हाताला भाजलं होतं. माझ्या रंगाला चराही गेला नव्हता.

सव्वीस घरांतली नऊ जळाली.

बाजारातून माणसं धावत आली तेव्हा उरली होती ती राख. रुपाबाई धापा टाकत सासूपाशी आली. आधी तिला डोक्यापासून पायापर्यंत चाचपलं. मग विचारलं, "याडी, काय काय काढलं बाहेर?"

म्हातारीनं मला पुढे केलं. "नंबर काढला."

"आन् ज्वारी?"

"नंबर वाचला ना."

रुपाबाईनं माझ्याकडे पाहिलं. त्या पाहण्यात शिव्या होत्या, मला ओळखता आल्या. पण ती सासूच्या भाजलेल्या हातावर पाणी ओतत बसली. लखमा मात्र राखेत पाय आपटत फिरत होता. "चार महिने ऊस तोडला," एवढंच म्हणत होता.

राख चार दिवस धुमसत होती. सोमला नाईक म्हणजे तांड्याचा प्रमुख, म्हातारा आणि हेकट. तो म्हणाला की जळक्या जागेवर सध्या कुणी झोपायचं नाही, नाल्यापलीकडे झोपड्या घाला, पुढचं पुढं पाहू. नऊ घरांनी नाल्यापलीकडे पळसाच्या फांद्यांच्या झोपड्या घातल्या. आणि धुरपताबाईनं पहिलं काम काय केलं असेल? तिनं मला त्या झोपडीच्या मेढीला सुतळीनं बांधलं. बाकी आठ घरांचे नंबर घरांबरोबर जळून गेले होते. नऊ झोपड्यांत नंबरवाली झोपडी आमची एकच. मी पुन्हा फुगलो.

पाचव्या दिवशी तालुक्याच्या कचेरीतून एक बाबू पंचनाम्याला आले. जळालेल्या घराला बांबू, बल्ल्या आणि पत्रे मिळणार होते. पावसाळा दोन महिन्यांवर होता, तेव्हा त्या पंचनाम्यावर नऊ घरांच्या डोक्यावरचं छप्पर अवलंबून होतं. पण बाबू आले दुपारी. माणसं पंचायतीच्या गावात गेली होती, बाबू तिकडे येतील म्हणून. बाबूंच्या पायात नव्या चपला होत्या. राखेत ते उतरलेच नाहीत. पंचायतीनं दिलेली सव्वीस नंबरांची यादी त्यांनी बाहेर काढली आणि दारोदार नंबर पाहून खुणा करायला लागले. नंबर दिसला की घर आहे, नाही दिसला की जळालं. पद्धत सोपी होती, आणि खरं सांगतो, मलाही ती पटली.

नाल्याशी आल्यावर ते न दिसलेले नंबर एकेक करून पुकारायला लागले. आमची पाळी आली तेव्हा विचारलं, "एकवीस नंबर कुठंय?"

म्हातारीच्या मनात सेक्रेटरीचं वाक्य जागं झालं. तिला वाटलं, हे साहेब नंबर तपासायला आलेत, हरवला असेल तर दंड ठोकणार. ती धावत पुढे आली. "हाय साहेब, हाय! हा पाहा. जरासाबी धक्का नाई लागू देल्ला."

बाबूंनी नाल्याच्या अलीकडूनच मान उंच करून मला पाहिलं. मीही त्या वेळी उन्हात असा काही चमकलो की काय सांगू. त्यांनी लिहिलं, 'घर क्र. २१ सुस्थितीत. वृद्ध स्त्रीने स्वतः दाखविले.' म्हातारी हात जोडून उभी होती. दंड टळला म्हणून तिनं त्यांना ताकही पाजलं. शेजाऱ्याकडून मागून आणलेलं.

महिन्याभरात आठ घरांसाठी बैलगाड्यांतून बांबू आले. पंचायतीनं ठराव करून त्या आठ घरांचा टॅक्सही माफ केला. एकवीस नंबरला काय आलं? टॅक्सची मागणी आली. पंचनाम्यात घर सुस्थितीत आहे, तेव्हा वेळेत भरावा, म्हणून.

लखमा तो कागद घेऊन मालेगावला शिखरचंद शेठकडे गेला. शेठ तांड्याच्या लोकांचे अर्ज फुकट लिहून देतात. माणूस तोंडाचा फटकळ, पण अक्षर मोत्यासारखं. सोबत पुरावा म्हणून लखमानं मला नेलं होतं. माझ्याच जन्मस्थानी मी परत आलो, तोही आरोपी म्हणून. शेठनी मला उलटसुलट करून पाहिलं.

"लखमा, तुझं घर जळालं म्हणतोस?"

"हो शेठ. अख्खा तांडा गवाही देईल."

"तांडा देईल रे. पण कागदात लिहिलंय, घर सुस्थितीत. आणि हा नंबर पाहा, जसा काल रंगवला. याला पाहून कोण म्हणेल आग लागली म्हणून? मी अर्ज लिहितो. पण हा तुझा साक्षीदार तुझ्याच विरुद्ध उभा आहे."

असं माझ्याविषयी आजवर कुणी बोललं नव्हतं. मला खाली मान घालावी वाटली, पण पत्र्याला मान नसते.

अर्ज गेला. फेरचौकशीला मोठे साहेब येतील असं उत्तर आलं. जेठ लागला होता. पलीकडे जुन्या जागांच्या शेजारी आठ नवी घरं उभी राहत होती. आमच्या झोपडीची पानं सुकून गळत होती. रात्री आभाळात वीज चमकली की लखमा उठून बसायचा. एक दिवस तो म्हणाला, "याडी, ह्या नंबरले चुलीत घालतो. जळलेला दिसला म्हंजे साहेब मानतीन."

म्हातारी भडकली. "मी आगीतून काढला, तू आगीत घालतं?"

"तू काढला म्हून तं हे सारं झालं!"

हे तिला लागलं.  भाजलेल्या हातावरचा फोड सुकून त्याची खपली झाली होती, ती संध्याकाळपर्यंत खाजवत बसली. तिला पहिल्यांदा समजत होतं की तिनं काय केलं. मलाही समजत होतं. आम्ही दोघं एकाच मेढीला टेकून बसलो होतो. मला बोलता आलं असतं तर मी म्हणालो असतो, बाई, तुझी चूक नाही गं. माझं तोंडच तसलं आहे.

अंधार पडायच्या आत ती उठली, सुतळी सोडली आणि म्हणाली, "मीच काढला. मीच घालतो."

तिनं मला चुलीत ठेवलं. इथं माझा पराक्रम सांगायला मला आवडलं असतं. मनात मी ठरवलंही होतं की हूं की चूं करायचं नाही, या कुटुंबासाठी हसत जळायचं. पण ज्वाळा लागताच मी असा काही टणत्कार केला, असा वाकडा झालो, की रुपाबाई दचकून मागे सरली. रंगाला फोड आले. निळा आधी काळा झाला. मग 'घर' गेलं, मग 'नं.', मग दोन, मग एक. बाहेर काढलं तेव्हा मी करपलेल्या भाकरीसारखा दिसत होतो. लखमानं मला जुन्या जागेवरच्या अर्धवट जळक्या खांबाला ठोकलं. त्या घाईत त्यानं दुकानातून आणलेला नवाकोरा खिळा वापरला.

मोठे साहेब दोन दिवसांनी आले. पन्नाशीचे, जाड चष्म्याचे, घाम पुसून हैराण झालेले. बरोबर तेच बाबू. पूर्ण तांडा गोळा झाला.

"एकवीस नंबर?"

लखमानं माझ्याकडे बोट केलं.

साहेब जवळ आले. चष्मा वर केला, खाली केला. "यावर काही दिसत नाही. हा एकवीसच कशावरून? पंधरा असेल, अकरा असेल."

बाबू म्हणाले, "सर, एकवीसची पाटी मी नाल्यापलीकडे पाहिली होती. नवीकोरी होती."

साहेबांनी माझ्या खिळ्यावर नख टेकवलं. "पाटी जळाली. खिळा का नाही जळाला?"

 लखमाचा चेहरा माझ्यासारखाच काळा पडला. खोटा पुरावा केला म्हणून आता बांबू तर राहोच, पोलिसात देतील अशी भीती सगळ्यांच्या डोळ्यांत दिसत होती. मी लटकत होतो. सुस्थितीत होतो तेव्हा घर बुडवलं, आणि जळालो तेव्हा पोराला गोत्यात आणलं. माझ्याइतका नालायक पुरावा अख्ख्या तालुक्यात नसेल.

तेवढ्यात धुरपताबाई पुढे आली. नाईकानं तिला डोळ्यानं खुणावलं, गप राह्य. ती राहिली नाही.

"साहेब, हा मी जाळला. परवाच्या दिशी. चुलीत घालून जाळला."

"कायले, बाई?" साहेबही वऱ्हाडातलेच होते.

"तुमच्या बाबूले मी हा चांगला दाखोला म्हून आमचं घर जळलं नाई असं लिवलं. हा जळलेला दाखोला म्हंजे जळलं असं लिवसान, असं पोराले वाटलं. पोराचा दोष नाई. पह्यल्यांदा आगीतून मीच काढला, मंग आगीत मीच घातला."

"पण तेव्हा काढला काहून? घर जळून राह्यलं होतं. आत सामान नव्हतं का?"

"होतं ना. ज्वारीचं पोतं होतं. मायच्या हातची काचोळी होती."

"ते सोडून पत्रा काढला?"

म्हातारी मला पदराच्या टोकानं पुसायला लागली. मग म्हणाली, "साहेब, माह्या मायनं मले चालत्या तांड्यात जलम देल्ला. कोण्या गावात, ते तिले बी ठाव नव्हतं. माहा दादला म्हणे, आपुन कुठले, तं वाटंवरचे. हा नंबर लागला तवा पह्यल्यांदा कोनं तरी लिवलं का आमी हितं राह्यतो म्हून. सेक्रेटरी साहेब म्हणे, नंबर गेला तं घर गेलं. ज्वारी तं पुढच्या सालीबी आनता येते."

रुपाबाईनं तोंडाला पदर लावला. इतके दिवस ती माझ्याकडे शिव्या घातल्यासारखी पाहायची, त्या वेळी तिनं मान दुसरीकडे फिरवली. आणि मला, तुपाच्या डब्याच्या पट्टीला, पहिल्यांदा कळलं की म्हातारी मला का पुसत होती. तीन वर्षं मी समजत होतो की माझ्या रंगाला पुसते.

साहेबांनी चष्मा काढून पुसला. बाबूंकडे वळून म्हणाले, "पंचनाम्यात किती घरं लिहिली जळाली म्हणून?"

"आठ, सर."

"राखेत उतरा. चुली मोजा."

"सर?"

"चूल मातीची असते, ती जळत नाही, भाजून पक्की होते. प्रत्येक घराला एक असेल. ज्या आठांनी बांधलंय त्यांच्याही जुन्या जागेवर दिसतील. मोजा."

बाबू चपला हातात घेऊन राखेत उतरले. सात, आठ, मग थेट माझ्या खांबामागे येऊन थबकले. तिथं चूल होती. चुलीत वाकडा झाल्यानं माझी एक कड मागे वळली होती, म्हणून मी तिला पहिल्यांदाच पाहत होतो. तीन वर्षं ती माझ्या पाठीशी होती आणि मी रस्ता बघत बसलो होतो. लालभडक भाजलेली, शेजारी जातं तडकलेलं, आणि पोत्याच्या आकारात काळी ज्वारी, दाणा न् दाणा ओळखू येईल अशी.

"नऊ, सर," बाबू म्हणाले.

साहेबांनी खांबाला कागद टेकवून तिथंच लिहिलं. लिहून झाल्यावर वाचून दाखवलं. घर क्रमांक एकवीस वणव्यात संपूर्ण जळाले, मदत द्यावी, पंचायतीने टॅक्स माफ करावा. तांड्यानं सुटकेचा निःश्वास सोडला. लखमा पाया पडायला वाकला. फक्त धुरपताबाई घाबरली.

"टॅक्स नका माफ करू साहेब."

"अवो बाई, घर नाही तर टॅक्स कायचा?"

"टॅक्स गेला तं आमचं नाव जाईन."

"नाव नाही जात. माफी होते फक्त."

"नाई साहेब. टॅक्स राहू द्या."

लखमा तिला मागे ओढत होता आणि साहेब हसत होते. म्हणाले, "आधी घर बांधा. बांधलं की पंचायतीत जा आणि लावून घ्या. कोणी नाही म्हणणार नाही."

बांबू आले. मृगाच्या पहिल्या सरीला छपरावर पत्रे होते. फक्त मागची भिंत उघडी होती, तिथं गोणपाट लावलं. आणि घर पुरं झाल्याच्या दुसऱ्या दिवशी धुरपताबाई चिखलातून दीड कोस चालत पंचायतीत गेली. सेक्रेटरी नंतर सगळ्यांना सांगत होता की टॅक्स बुडवायला आलेली माणसं त्यानं शेकड्यांनी पाहिली, लावून घ्यायला आलेली ही पहिलीच. जुन्या नोंदीत मेलेल्या सेवादासचं नाव होतं. लखमा पुन्हा ऊसतोडीला जाणार, म्हणून सेक्रेटरीनं या वेळी नाव म्हातारीचंच टाकलं, पुढे 'जवजे सेवादास', म्हणजे सेवादासची बायको, असं लिहून.

आता माझं काय झालं ते सांगतो. नव्या दारावर नवा नंबर आहे. निळा, चकचकीत, फार मिजासखोर. चिमणी बसली तरी त्याला अपमान वाटतो. त्याला मी काही सांगायला जात नाही, कारण मलाही कुणी सांगितलं असतं तर मी ऐकलं नसतं. मला फेकून द्यायला धुरपताबाईनं नाही म्हटलं. शेळ्यांच्या खोपटाला एक भोक होतं, तिथं मी ठिगळ म्हणून बसलोय. शेळ्या मला अंग घासतात. वास येतो, पण शेळ्यांना टॅक्स नाही, त्यामुळे चौकशीची भीती नाही. शिवाय इथं मला रस्त्याकडे नाही, घराकडे तोंड करून ठोकलंय. चूल दिसते.

तुम्ही कधी कुणाच्या जळालेल्या, पडलेल्या, वाहून गेलेल्या घराची नोंद करायला गेलात, तर माझी एक विनंती आहे. आमच्यासारख्या पाट्यांवर फार विश्वास ठेवू नका. आम्ही तोंडावर लिहिलेलं तेवढंच बोलतो, आणि ते कुणी लिहिलं, कधी लिहिलं, याची आम्हाला पर्वा नसते. दोन पावलं राखेत उतरा, माणसांना विचारा. एवढंच. मी निरोप घेतो, संध्याकाळ झाली, शेळ्या यायची वेळ झाली.

पण एक गोष्ट राहिली. दर वर्षी माघात सेक्रेटरी सायकलवरून टॅक्स घ्यायला येतो. बाकी घरं त्याला पाहून शेताला निघून जातात. धुरपताबाई खाट टाकून त्याची वाट बघत असते. पैसे आधीच पदराच्या गाठीत बांधलेले असतात. तो पावती फाडतो, ती हातात घेते, उलटी धरते आणि परत त्याच्यापुढे करते.

"वाचून दाखोव."

सेक्रेटरी घाईत असतो, तरी वाचतो. "धुरपताबाई जवजे सेवादास. घर नंबर एकवीस. राहणार सोमला नाईक तांडा."

म्हातारी मान हलवते. मग खाटेवर जरा सरकून बसते आणि म्हणते, "आनखी एक डाव वाच."